धुरकटलेले होव्हर-टँक

बेळगावात जुलैची झड लागली की रंगवलेल्या छोट्या प्रतिकृतींवर मारायचा मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, व्हार्निशचा स्प्रे भरवशाचा राहत नाही. दमट हवेत थर पांढरट पडतो. टेबलावरच्या युद्धखेळातल्या ६ मिलिमीटरच्या साय-फाय मिनिएचरमध्ये माणूस साधारण ६ मिलिमीटर उंच, म्हणजे १/२८५ किंवा १/३०० प्रमाण, आणि रणगाडा जेमतेम बोटाच्या पेराएवढा. त्यावरच्या बारीक रेषा गेल्याच समजा. माझी होव्हर-टँकांची, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या काल्पनिक रणगाड्यांची, अख्खी तुकडी अशी धुरकटली.

रंग खरवडण्याआधी एकावर पाण्यात मिसळणारं ग्लॉस, म्हणजे चकचकीत, व्हार्निश ब्रशने पातळ लावलं. खडबडीत थरातल्या फटी भरल्या, उजेड विखुरायचा थांबला आणि खालचा गंजका लाल लख्ख वर आला! रात्रभर वाळवून मग ब्रशनेच मॅटचा एक हात. एका टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) खाचेत पांढरं राहिलंय. मी त्याला धूळ म्हणतो, खानापूरचा खेळातला भिडू मान डोलावतो. स्प्रेचे डबे दिवाळीपर्यंत कपाटात.