जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे साल काढताना या चुका टाळा

ठाण्यात एखादी जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी होऊ लागली की कुणाच्या तरी दिवाणखान्याच्या कोपऱ्यातून एक लाकडी ऑर्गन बाहेर येतो, आणि "आजोबांच्या वेळचा आहे, शंभर वर्षांचा तरी असेल" असा मला फोन येतो. आपल्याकडे संगीत नाटकांमुळे ऑर्गन म्हटले की पायांनी भाता मारायची पेटी डोळ्यांसमोर उभी राहते, आणि तिचे वय कुणीतरी या विजेच्या वाद्याला चिकटवून टाकतो. उलट घोटाळाही होतो. प्लास्टिकचे छोटे कॉर्ड ऑर्गन विजेवर चालतात, पण त्यांतली वीज केवळ पंखा फिरवते. सूर रीडचाच असतो. एकही पट्टी न दाबता कान लावावा. आतून हवेचा फुसफुसाट आला तर ते वाद्य इलेक्ट्रॉनिक नाही.

मागची पाटी न वाचता प्लग लावू नये. पाटीवर ११७ व्होल्ट असताना २३० व्होल्टची वीज देणाऱ्याला मी काही समजावत बसत नाही. ट्रान्सफॉर्मरचा जळका वास ते काम करतो.

पाटी वाचणारेही व्होल्टपाशीच थांबतात, आणि त्याच ओळीतली '६० सायकल्स' ही अक्षरे कुणी पाहत नाही. चरईतील एका घरी अमेरिकेहून आलेला हॅमंड कंपनीचा एम-३ ऑर्गन होता. घरच्यांनी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून तो व्यवस्थित सुरू केला, पण पांढरी एक दाबली की खालच्या सप्तकातली पांढरी सहा ऐकू येई, तीही किंचित उतरलेली. एका जाणकाराने सांगितले होते की पूर्वी स्वरांची पट्टी खालची असे, त्यामुळे हे वाद्य महायुद्धापूर्वीचे असले पाहिजे. आणि त्या भरवशावर विक्रीची जाहिरातही तयार झाली होती. खरे कारण साधे होते. हॅमंडच्या त्या वाद्यांत दातेरी धातूची चाके चुंबकांसमोर फिरून सूर निर्माण करतात, आणि ती फिरवणारी सिंक्रोनस मोटर विजेच्या वारंवारतेशी बांधलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. स्टेप-डाऊन व्होल्ट उतरवतो, वारंवारता नाही. त्यामुळे प्रत्येक सूर पाच-षष्ठांशावर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या मिळून मोजलेल्या तीन पट्ट्यांहून थोडा अधिक खाली येतो. एम-३ हे मॉडेल १९५५ ते १९६४ या काळात बनले, तेव्हा महायुद्धापूर्वीचा प्रश्नच नव्हता. वारंवारता बदलणारे यंत्र अजून त्या घरी आलेले नाही. थोरली मुलगी पांढरी एक हवी असेल तेव्हा काळी दोन दाबते. ट्रान्झिस्टरच्या ऑर्गनमध्ये असे होत नाही, कारण तिथे सूर ऑसिलेटर, म्हणजे कंपने निर्माण करणारी सर्किटे, ठरवतात. म्हणून स्टेप-डाऊनवर नेमका एवढाच उतरलेला सूर ही मी चाकांच्या ऑर्गनची खूण मानतो. 'हर्ट्झ'ऐवजी 'सायकल्स' हा शब्दही बोलका आहे: हर्ट्झ हे एकक १९६० साली आंतरराष्ट्रीय पद्धतीत स्वीकारले गेले आणि पाट्यांवर ते हळूहळू रुळले.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा अधिकाराने बोलतो. आयसीवर, म्हणजे आतल्या चिपवर, अनेकदा चार आकडी तारीख असते: ८१४० म्हणजे १९८१ सालचा चाळिसावा आठवडा. कोपरीतील एका ऑर्गनमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्टीला स्क्रूने आवळलेल्या तीन पायांच्या तुकड्यावर ७८१२ दिसले आणि मी वहीत '१९७८, बारावा आठवडा' असे लिहून मोकळा झालो. ती तारीख नव्हती. ७८१२ हा बारा व्होल्टच्या रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्ट स्थिर ठेवणाऱ्या भागाचा, प्रकार-क्रमांक आहे. ७४३० किंवा ७४२० हेही लॉजिक आयसीचे क्रमांक आहेत. त्याच सर्किट बोर्डावरच्या दुसऱ्या चार आयसींवर ८१ ने सुरू होणाऱ्या तारखा होत्या. तेव्हापासून एका आकड्यावर मी साल लिहीत नाही; निदान तीन सुटे भाग एकमेकांशी जुळावे लागतात, आणि ते मूळचे असावे लागतात. ज्याच्या पायांशी सोल्डर इतरांपेक्षा चकचकीत आहे आणि ज्याच्याखाली जुन्या भागाचा धुळीचा ठसा उरला आहे, तो कंडेन्सर दुरुस्तीचे साल सांगतो, जन्माचे नव्हे. मूळ भागांपैकी सर्वांत नव्या तारखेच्या आधी वाद्य बनलेले असू शकत नाही, एवढेच ठामपणे म्हणता येते. अमेरिकन ऑर्गनच्या व्हॉल्यूम कंट्रोलवर १३७ ने सुरू होणारा आकडा असेल तर तो सीटीएस कंपनीचा. १३७६६२४ म्हणजे १९६६ सालचा चोविसावा आठवडा.

म्हणूनच आतली धूळ ब्रशने झटकणाऱ्या उत्साही मंडळींचा मला राग येतो. आधी बॅटरीच्या तिरक्या उजेडात फोटो काढावेत, नंतर काय ते पुसावे.

मागे पाच पिनांचे गोल सॉकेट दिसले म्हणून मिडी (इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी जोडण्याची पद्धत) आहे असे समजून वाद्य १९८३ नंतरचे ठरवू नये. तसे सॉकेट ऑडिओसाठी त्याआधीपासून वापरात होते. यामाहाच्या इलेक्टोन ऑर्गनवर निप्पॉन गाक्की हे कंपनीचे नाव असेल तर ते १९८७ च्या नामांतरापूर्वीचे समजावे. लाकडाच्या रंगावरून आणि विकणाऱ्याच्या शब्दावरून वय काढू नये. एकच सूर सगळ्या सप्तकांत सारखा उतरलेला आढळला, तर आत बारा सुरांचे बारा स्वतंत्र ऑसिलेटर असण्याची शक्यता मोठी. वरच्या सप्तकाचे सगळे सूर एकाच चिपमधून काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात आली, आणि तिथे एकटा सूर असा बेसूर होत नाही. हे तपासायला पेटीवाल्याचा कान आणि पाच मिनिटे पुरतात, तरीही लोक आधी किंमत विचारतात.