लॉफ्ट टाकताना अन् भरताना काय बघायचं

घराचं काम काढलं की मिस्त्री विचारतोच, भाऊ लॉफ्ट, म्हणजे सामान ठेवायचे पोटमाळे, कुठं कुठं टाकायचे, अन् आपण लगेच म्हणतो टाका की सगळ्या खोल्यात. असं करू नका. बेडच्या उशाकडं नको, गॅसच्या बरोबर वर तर नकोच, तिथं तेलकट काजळी बसून वरचं सगळं चिकट होतं. दाराच्या वर नाहीतर पॅसेजमधी एखादा, बास.

उंची म्हणाल तर लिंटेलला, म्हणजे दारा-खिडकीच्या वरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला धरून, खालून 7 फूट, अन् खोली 10 फुटाची असली तर वर अडीच-पावणेतीन फूट जागा मिळती. रुंदी 2 फुटाच्या पुढं नेऊ नका, मागं ढकललेलं सामान हाताला लागत नाही अन् मग ते तिथंच मरतं.

आता खरी गोष्ट. भिंतीतून नुसता बाहेर आलेला टांगता लॉफ्ट असंल तर त्याची मेन सळई वरच्या अंगाला पाहिजे, कारण वजन पडल्यावर तो पुढून खाली झुकायला बघतो अन् ताण वरच्या बाजूला येतो. दोन्ही टोकं भिंतीवर टेकलेली असली तर उलटं, सळई खालून. सेंट्रिंगवाले बऱ्याचदा एकाच सवयीनं सगळीकडं खाली टाकतात, अन् वर बरोबर बांधलेली असली तरी काँक्रीट टाकताना पोरं तिच्यावर पाय देऊन उभी राहतात की ती दबलीच खाली. त्या टायमाला स्वतः तिथं थांबा, फोनवर नाही. अन् टांगत्या लॉफ्टच्या मागची भिंत वरपर्यंत चढल्याबिगर खालचे टेकू काढू देऊ नका, भिंतीचं वजनच त्याला धरून ठेवतं. मिस्त्री म्हणंल आठ दिवसात काढू, तुम्ही दोन आठवडे म्हणा.

पाण्याचं पण बघा. आपल्याकडं नळ आठ-आठ दिवसांनी येतो, लातूरला तर 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्यामुळं बाथरूमच्या लॉफ्टवर टाकी ठेवायची सगळ्यांनाच हौस. पण 500 लिटरची टाकी भरली की 500 किलो झाली बघा, म्हणजे ज्वारीचे 50 किलोचे दहा कट्टे. इंजिनियरला आधी सांगून तसा लॉफ्ट करून घेतला असंल तरच ठेवा. ज्वारीचे कट्टे पण वर नको, कोठीतच राहू द्या. डोक्यावरच्या वजनाचं लातूर-धाराशिवच्या माणसाला काय सांगायचं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीकडं माळवदाची, म्हणजे छतावरची माती अन् दगडी भिंतीच तर लोकांच्या अंगावर आल्या.

मग ठेवायचं काय? वर्षातनं एकदा-दोनदा लागणारं अन् हलकं. महालक्ष्म्यांचं सजावटीचं सामान, पाहुण्यांच्या वाकळा, दिवाळीच्या लाइटी, कूलरची मोटर. मुखवटे मऊ सुती कपड्यात गुंडाळून वेगळ्या डब्यात, अन् पुढच्याच बाजूला. वाकळा आधी कडक उन्हात दिवसभर टाका, मग बांधा, डांबरगोळ्या टाकायच्या तर कापडात पुरचुंडी करून, अन् लेकरांचा हात पोचंल अशा ठिकाणी बिलकुल नाही. पुठ्ठ्याची खोकी नको, वाळवीला अन् उंदराला आमंत्रणच ते. पत्र्याची पेटी बरी.

स्लॅबला लागून असतं म्हणून एप्रिल-मेमधी वरच्या मजल्यावरचा लॉफ्ट भट्टीसारखा तापतो. तिथं औषधं, मेणबत्त्या, पेंटचे डबे, बॅटऱ्या, जुने फोटो ठेवू नका. पेटीवर मार्करनं काय हाय ते लिहा, निदान आईला तरी कळंल. चढायला प्लॅस्टिकची खुर्ची वापरतात लोक, ती वाकती, घोडाच (दुपाखी शिडी) घ्या अन् खाली एकजण धरायला ठेवा.

आता संभाजीनगरात नाहीतर पुण्यात फ्लॅट बघताना जाहिरातीत लॉफ्ट दिसला तर तो आपला पोटमाळा नसंल बरं का. न्यूयॉर्कला जुन्या कारखान्यांच्या इमारतीत चित्रकार-बित्रकार मंडळी राहायला लागली, त्या उंच छताच्या जागांना लॉफ्ट म्हणायले, अन् आता बिल्डर लोक उंच खोलीत अर्धा मजला टाकून वर बेड ठेवतात अन् तेच नाव देतात. असा फ्लॅट बघायला गेला तर टेप घेऊन जा, वरच्या भागात सरळ उभं राहता येतंय का ते स्वतः चढून बघा, अन् तेवढी जागा कार्पेट एरियात, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेच्या मापात धरली का नाही ते ॲग्रीमेंटवर वाचूनच टोकन द्या.