सिकलसेलच्या संशोधनात काय मोजायचं, हे मुलांना कसं विचाराल?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या नव्या उपचाराची चाचणी आखताना डॉक्टरांची यादी तयारच असते: हिमोग्लोबिन, रक्त किती वेळा चढवलं, किती वेळा भरती व्हावं लागलं. यादी चुकीची नाही, अपुरी आहे. घरीच अंगावर काढलेलं दुखणं कुठल्याच केसपेपरवर येत नाही. म्हणून मुलांना आणि आईवडिलांना विचारायचं, आणि तेही चाचणीचा प्रोटोकॉल, म्हणजे लेखी आराखडा, पक्का होण्याआधी. नंतर विचारणं म्हणजे नुसती सही घेणं.

सुरुवात कॉमेटच्या (चाचण्यांत काय मोजावं यावर काम करणारा आंतरराष्ट्रीय उपक्रम) मोफत डेटाबेसपासून करा. कुठल्या आजारात काय मोजावं याच्या झालेल्या आणि चालू असलेल्या याद्या तिथे सापडतात.

या विचारणीलाही एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर लागतेच, त्याबरोबर ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाचा लेखी होकार घ्यावा लागतो. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी किती देणार, हेही अर्जातच लिहा. पैसे त्याच दिवशी रोख द्या.

८ ते ११ आणि १२ ते १७ असे वेगळे गट करा. एका गटात पाच-सहा मुलं, वेळ पाऊण तास. गोंडी, कोरकू किंवा पावरी, जी घरची भाषा असेल ती बोलणारं माणूस हवं. उपचार करणारे डॉक्टर किंवा सिस्टर मात्र नकोत, त्यांच्यासमोर सगळ्यांना 'बरं वाटतं'. पालकांची बैठक त्याच वेळी शेजारच्या खोलीत घ्या, नाहीतर उत्तरं आईच देते. थंडीनं आणि अंगातलं पाणी कमी झाल्यानं कळा सुरू होऊ शकतात, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी लवकर बोलावू नका. पाणी आणि संडास जवळ असू द्या.

'कोणता आउटकम (मोजायचा परिणाम) महत्त्वाचा?' असं मुलांना विचारून काही हाती लागत नाही. 'आजारामुळे काय करता येत नाही?' आणि 'औषध लागू पडलंय हे तुला कशावरून कळेल?' हे दोन प्रश्न पुरतात. डोळे पिवळे दिसतात म्हणून मुलं चिडवतात, भरपूर पाणी प्यायचं तर वर्गातून सारखं लघवीला सोडत नाहीत, रात्री अंथरूण ओलं होतं: असल्या गोष्टी डॉक्टरांच्या यादीत सहसा नसतात. मुलांचे शब्द आहेत तसेच चिठ्ठ्यांवर उतरवा आणि सोबत चित्र काढा.

मग ८-१० चित्रं मांडून प्रत्येकाला १० चिंचोके द्या. जे जास्त छळतं तिथे जास्त चिंचोके. प्रत्येकाला चित्रांचा वेगळा संच द्या आणि मध्ये पुठ्ठ्याचा आडोसा करा. नाहीतर पहिल्या मुलानं जिथे ठेवले तिथेच सगळ्यांचे पडतात. ढीग मोजून थांबू नका, 'इथे जास्त का?' हे विचारा. 'शाळे'वर सहा चिंचोके पडले, तर त्यामागे बुडालेला अभ्यास असेल, मैत्रिणी असतील किंवा बाईंचं रागावणं असेल. मोजमाप त्यानुसार बदलतं.

पालक, डॉक्टर आणि मोठी मुलं यांच्यासाठी १ ते ९ गुणांची डेल्फाय फेरी घेता येते, म्हणजे प्रत्येकानं प्रत्येक मुद्द्याला महत्त्वानुसार स्वतंत्रपणे गुण द्यायचे, ९ म्हणजे सर्वांत महत्त्वाचा. रूढ निकष असा: ७० टक्के किंवा जास्त लोकांनी ७ ते ९ आणि १५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांनी १ ते ३ गुण दिले, तर मुद्दा यादीत. हा निकष प्रत्येक गटाला वेगळा लावा. समजा ४० डॉक्टर, १५ पालक आणि ८ मुलं आहेत. आठही मुलांनी ९ दिले आणि बाकी सगळ्यांनी ३, तर एकत्र सरासरी ४ च्याही खाली येते आणि मुलांचा मुद्दा गळतो. लहानांचे चिंचोके ओढूनताणून ९ च्या पट्टीत बसवू नका, वेगळेच मांडा. यादी पक्की करायच्या शेवटच्या बैठकीला किमान तीन किशोरवयीन मुलं असावीत, एकटं मूल गप्पच बसतं. डॉक्टरांनी शेवटी बोलावं. जो मुद्दा वगळला, त्याचं कारण मुलांना सांगा.

काय मोजायचं ठरलं की कसं मोजायचं हे पुन्हा त्यांनाच दाखवून घ्या. शाळेतली गैरहजेरी हजेरीपटावरून काढणं सोपं वाटतं, पण त्यासाठी शाळेत गेलात की आजाराचा बोभाटा गावभर होतो, आणि मुलीच्या लग्नापर्यंत तो विषय पुरतो. त्यापेक्षा घरच्या कॅलेंडरवर बुडालेल्या दिवसाला आईनं फुली मारावी. महिन्याच्या तपासणीला येताना त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून आणला तरी चालतं.