अंतर्गत समितीची चौकशी न्यायालयात टिकावी म्हणून

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरील सदस्य म्हणून चाकण परिसरातील एका कारखान्यातून मला बोलावणे आले, तेव्हा उपाहारगृहाच्या दाराशी लावलेला फलक मी प्रथम वाचला. समितीची पाच नावे होती, खाली दूरध्वनी क्रमांक होते आणि आदेशाची तारीख चार वर्षांपूर्वीची होती. पीठासीन अधिकारी, म्हणजे समितीच्या प्रमुख, म्हणून ज्या बाईंचे नाव होते, त्या नोकरी सोडून गेल्या होत्या. आणखी एका सदस्याची बदली झाली होती. सदस्यांची मुदत कायद्याने तीन वर्षांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे कागदावरही ती समिती संपलेली होती. त्याच आठवड्यात जुळणी विभागातील एका कंत्राटी कामगार मुलीने तक्रार दिली होती आणि मनुष्यबळ विभाग घाईघाईने नवी समिती नेमण्याच्या खटपटीत होता. तक्रार आल्यावर नेमलेल्या समितीकडे दोन्ही पक्ष संशयाने पाहतात, आणि तो संशय पुढे प्रत्येक सुनावणीत आड येतो. म्हणून या कायद्याचे पहिले काम तक्रार नसताना करायचे असते.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या 2013 च्या कायद्यानुसार, ज्याला आपण सगळे पॉश कायदा म्हणतो, दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाने लेखी आदेशाने अंतर्गत समिती नेमली पाहिजे. या दहांत कायम कर्मचाऱ्यांबरोबर कंत्राटी कामगार, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ उमेदवार आणि रोजंदारीवरची माणसेही येतात. त्यामुळे ‘आमच्या हजेरीपटावर आठच माणसे आहेत’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी टिकत नाही. कार्यालये किंवा शाखा वेगवेगळ्या जागी असतील, तर प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र समिती हवी. मुंबईच्या मुख्यालयातील एकच समिती नाशिकच्या आणि कोल्हापूरच्या कारखान्यांनाही लागू आहे असे परिपत्रक काढून भागत नाही.

पीठासीन अधिकारी त्याच कामाच्या ठिकाणची वरिष्ठ पदावरील महिला असावी. तशी कोणी नसेल तर मालकाच्या दुसऱ्या कार्यालयातून घेता येते. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य आणि स्वयंसेवी संस्थेतील किंवा या प्रश्नाची जाण असलेली बाहेरची एक व्यक्ती घ्यावी, आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या तरी महिला असाव्यात. बाहेरील सदस्याची निवड मी सर्वांत महत्त्वाची मानते. कंपनीचा नेहमीचा वकील किंवा संचालकांचा स्नेही नेमला, तर ज्या तटस्थपणासाठी कायद्याने ही जागा ठेवली तो पहिल्याच दिवशी जातो. नियमांत या सदस्यासाठी दिवसाला 200 रुपये भत्ता ठरवलेला आहे. एवढ्यावर अनुभवी माणूस दिवसभर बसत नाही, म्हणून योग्य मानधन आधीच लेखी ठरवावे.

तक्रार आल्यावरचे पहिले दहा-पंधरा दिवस पुढची सगळी दिशा ठरवतात. तक्रार लेखी असावी आणि घटनेपासून, किंवा घटना एकापेक्षा अधिक असल्यास शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांच्या आत यावी. उशीर समजण्यासारखा असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात. लिहिता येत नसलेल्या बाईला लिहायला मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे. त्या कारखान्यातील मुलीने वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी लिहून तक्रार दिली होती आणि ‘हे नीट नमुन्यात आणा’ म्हणून ती परत पाठवली गेली होती. असे कधीही करू नये. नियमांत तक्रारीच्या सहा प्रती मागितल्या आहेत हे खरे, पण त्या प्रती कार्यालयाने काढून द्याव्यात आणि पोच तारखेसह त्याच दिवशी हातात ठेवावी. तक्रार मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत तिची एक प्रत प्रतिवादीला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, पाठवावी आणि त्याने प्रत मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर, कागदपत्रे व साक्षीदारांची नावे द्यावीत.

याच टप्प्यावर तक्रारदाराला अंतरिम दिलाशाची माहिती द्यावी. तिच्या लेखी विनंतीवरून समिती तिची किंवा प्रतिवादीची बदली सुचवू शकते, आणि तीन महिन्यांपर्यंतची रजाही, जी तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही. बदली ‘सोयीसाठी’ म्हणून तक्रारदाराचीच करण्याची सवय मोडली पाहिजे. तिने मागितली नसेल तर ती तिला शिक्षाच वाटते. समेटाचा मार्गही कायद्यात आहे, पण तो फक्त तिनेच मागितला तर, आणि पैसे देऊन मिटवणे हा समेटाचा पाया असू शकत नाही. तिला पोलिसांत जायचे असेल, तर भारतीय न्याय संहितेखाली तक्रार नोंदवण्यास साहाय्य करणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. या मुदतीच्या धाकाने समित्या घाई करतात आणि तिथेच प्रकरण हातातून जाते. गोव्यातील विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाविरुद्ध 2009 मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, समितीने ठपका ठेवला, त्यांना बडतर्फ करण्यात आले आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती बडतर्फी कायम केली. परंतु 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवले. कारण सुनावण्या लागोपाठ उरकल्या गेल्या आणि बचावाची पुरेशी संधी मिळाली नव्हती. चौदा वर्षांनी सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर आले. त्या तक्रारदार मुलींचा विचार मनात आला की आजही मला अस्वस्थ व्हायला होते, कारण प्रक्रियेतील चुकीची किंमत त्यांनीही मोजली.

म्हणून प्रत्येक बैठकीचा रोजनामा लिहावा: तारीख, वेळ, हजर सदस्य, काय झाले, पुढची तारीख, आणि शेवटी सर्वांच्या सह्या. पीठासीन अधिकाऱ्यांसह किमान तीन सदस्य हजर नसतील तर बैठक घेऊच नये. जबाब बोलणाऱ्याच्या शब्दांत, त्याला कळणाऱ्या भाषेत लिहून, वाचून दाखवून, पानापानावर सही घ्यावी. मराठीत सांगितलेला जबाब इंग्रजीत टंकलिखित करून सही घेतली तर उद्या तो नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते. एका पक्षाने दिलेला कागद दुसऱ्याला दाखवलाच पाहिजे. उलटतपासणीसाठी दोघांना समोरासमोर बसवण्याची गरज नाही. प्रतिवादीकडून प्रश्न लेखी घ्यावेत, अपमानास्पद आणि विषयाबाहेरचे प्रश्न कारण नोंदवून वगळावेत आणि उरलेले पीठासीन अधिकाऱ्यांनी स्वतः विचारावेत. वकील आणण्याची मुभा कोणालाच नाही. प्रतिवादी सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना आला नाही तर एकतर्फी निर्णय देता येतो, पण त्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

दोन्ही पक्ष कर्मचारी असतील तर निष्कर्षांची प्रत दोघांना देऊन त्यावर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही पायरी मी अनेक फायलींत गायब पाहिली आहे. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल मालकाला द्यावा आणि मालकाने साठ दिवसांत शिफारशींवर कृती करावी. ‘आता आमची खातेनिहाय चौकशी वेगळी करू’ असे म्हणून वेळ काढू नये. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानला जाईल. आरोप सिद्ध झाला नाही म्हणून तक्रारदारावर कारवाई करता येत नाही. त्यासाठी तक्रार जाणूनबुजून खोटी होती हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावे लागते. अहवालाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते, हे दोघांनाही लेखी कळवावे.

गोपनीयतेबद्दल थोडेच पण ठामपणे सांगते. तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदारांची ओळख आणि कामकाजाचा तपशील बाहेर जाऊ देता कामा नये, आणि तो फोडणाऱ्याकडून 5000 रुपये दंड वसूल करण्याची तरतूद आहे. फाईल कुलपात ठेवावी, आणि विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात ‘आज समितीची बैठक’ एवढाही निरोप टाकू नये.

दर कॅलेंडर वर्षाचा अहवाल समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो. तक्रार एकही नसली तरी. 14 जुलै 2025 पासून कंपन्यांना संचालक मंडळाच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या आणि नव्वद दिवसांहून अधिक काळ किती प्रलंबित राहिल्या, हे आकडे द्यावे लागतात. समितीच नेमली नसेल तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा सिद्ध झाल्यास दंड दुप्पट होतो आणि व्यवसायाचा परवाना रद्द होऊ शकतो.

आणखी एका बदलाकडे लक्ष वेधते. छळ करणारा दुसऱ्या संस्थेतील कर्मचारी असेल, तरी पीडित महिलेच्या स्वतःच्या कामाच्या ठिकाणची समिती त्याची चौकशी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये सांगितले. ज्या कारखान्यांत पुरवठादारांची, वाहतूकदारांची आणि सुरक्षा कंपन्यांची माणसे रोज ये-जा करतात, त्यांनी त्या प्रत्येकाशी केलेल्या करारात समितीला कागदपत्रे पुरवण्याचे, माणसाला हजर ठेवण्याचे आणि अहवालावर कारवाई करण्याचे कलम घालून घ्यावे. चाकणच्या त्या प्रकरणात प्रतिवादी कंत्राटदाराचा पर्यवेक्षक होता, आणि करारात असे एकही वाक्य नसल्यामुळे त्याला पहिल्या सुनावणीला हजर करण्यातच आमचे तीन आठवडे गेले.