मुंबईतल्या गल्लीचं वय कसं काढायचं

इमारतीच्या तोंडाकडे बघून वस्तीचं वय ठरवू नका. चाळ पाडून टॉवर उभा राहतो, पण गल्लीची रुंदी आणि प्लॉटची हद्द बरेचदा जुनीच राहते. म्हणून सुरुवात जमिनीपासून.

पाच मीटरचा टेप घ्या आणि गल्ली तीन-चार ठिकाणी मोजा. कुठे दीड मीटर, कुठे तीन, प्लॉट वेडेवाकडे, मध्येच विहीर किंवा ख्रिस्ती क्रूस असेल तर ते गावठाण नाहीतर वाडी. वांद्र्याचं रणवार, गिरगावातली खोताची वाडी याच जातीची. रस्ते सरळ, प्लॉट सारखे आणि इमारतींच्या मध्ये मोकळी जागा असेल तर वस्ती आखून वसवलेली. दादर-माटुंगा असं दिसतं, कारण १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने ते आखलं. जुन्या कागदांवरचा ‘स्कीम’ शब्द त्यांचाच.

मग गेटवरची पाटी वाचा. सोसायटीच्या नावाखाली बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक असतो, त्यात वर्ष बहुधा सापडतंच. मात्र हे वर्ष सोसायटीचं. लोक आधी राहायला येतात, बिल्डरशी भांडतात आणि मग नोंदणी होते, त्यामुळे इमारत त्याहून जुनी निघू शकते. पुनर्विकासानंतर उलटी गंमत: लॉबीत नवा संगमरवर आणि पाटीवर १९६८.

पागडीच्या, म्हणजे मालकाला ठोक रक्कम देऊन भाडेकरू राहतात अशा जुन्या इमारतींना अशी पाटी सहसा नसते. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत मग उपकराचा (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या कराचा) गट विचारा. तो म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे कळतो. ‘अ’ म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीची, ‘ब’ म्हणजे तिथून १९५० अखेरपर्यंतची, ‘क’ म्हणजे १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९. उपनगरांत हा उपकरच नाही, तिथे गट शोधण्यात दिवस घालवू नका.

पडताळा म्हणून तळमजल्याच्या खिडकीत टेप धरा. भिंत दीड फूट किंवा जास्त जाड असेल तर भार भिंतीवर आहे, बांधणी जुनी. नऊ इंच आणि वर बीम दिसत असेल तर आर.सी.सी., म्हणजे लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटचा सांगाडा. प्लास्टरचे थर धरून मोजलंत तर हमखास चुकाल. चौकटीजवळ पोपडा निघालेली जागा बघा.

शेवटी मालमत्ता पत्रक, म्हणजे जमिनीची सरकारी नोंद. त्यासाठी जमिनीचा भूमापन क्रमांक लागतो, शहरात सी.एस. आणि उपनगरात सी.टी.एस., रस्त्याचं नाव आणि घर नंबर सांगून काही मिळत नाही. क्रमांकानंतर तिरकी रेघ आणि १, २, ३ असं असेल तर मोठ्या जमिनीचे तुकडे पडलेत. तुकडे कधी पडले ते फेरफाराच्या तारखांवरून लावा. वस्ती दाटायला लागल्याची खूण बहुतेक वेळा तिथेच मिळते.

उपनगरात एक अडचण येते. महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्याआधीच्या घराचा मंजूर नकाशा पालिकेत मिळेलच असं धरू नका. मालकाकडे जुनं खरेदीखत मागा. जमिनीच्या वर्णनात घर, विहीर, झाडं लिहिलेली असतात.