बालगृहातील मूल संतापाने बेभान होते तेव्हा काय करावे

मूल बेभान झालेले असताना त्याला काहीही शिकवता येत नाही, ही एक गोष्ट बालगृहात, निरीक्षणगृहात (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात ती संस्था) किंवा वसतिगृहात काम करणाऱ्याने मनाशी पक्की धरली, तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात. शिस्त लावणे, चूक कबूल करून घेणे, माफी मागायला लावणे, ‘का केलेस’ म्हणून जाब विचारणे ही सगळी नंतरची कामे आहेत. त्या वेळचे काम एकच असते: कोणालाही इजा न होता संतापाचा भर ओसरू देणे.

असा उद्रेक क्वचितच अवचित होतो. भेटीच्या दिवशी घरचे कोणी आलेले नसते, मुलाने कुठे राहावे हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीपुढची तारीख पुन्हा पुढे गेलेली असते, जिवाभावाचा सोबती घरी परतलेला असतो, किंवा दिवाळी तोंडावर आलेली असते आणि आपल्याला न्यायला कोणी येणार का, हे मुलाला ठाऊक नसते. त्याच्या मनाची घालमेल आधीपासून दिसत असते. मात्र प्रत्येकाची खूण वेगळी असते. एखादा गप्प होतो, एखादा लहान मुलांच्या खोड्या काढू लागतो, एखादी मुलगी ताटावर नुसतीच बसून राहते. या खुणा, आणि कोणत्या गोष्टीने ते मूल निवळते हे, त्याच्या वैयक्तिक काळजी योजनेत लिहिलेले असावे आणि पाळी बदलताना पुढच्या काळजीवाहकाला तोंडी सांगितलेले असावे. रात्रपाळीचा काळजीवाहक पुष्कळदा एकटाच असतो. त्यालाच सर्वांत जास्त माहिती हवी असते आणि नेमकी त्यालाच ती दिली जात नाही, हे मला फार खटकते.

समजा, भेटीच्या दिवशी आई आली नाही आणि त्या रविवारी संध्याकाळी चौदा वर्षांच्या मुलाने भोजनगृहात भरलेले ताट भिंतीवर फेकले आणि तो शिव्या देत उभा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 1980च्या दशकात विकसित झालेल्या प्रशिक्षणात अशा वेळी मोठ्या माणसाने स्वतःला चार प्रश्न विचारायचे असतात: मला आत्ता काय वाटते आहे, या मुलाला काय वाटते आहे आणि काय हवे आहे, आसपासच्या परिस्थितीचा त्याच्यावर काय परिणाम होतो आहे, आणि आता मी कसे वागणे योग्य ठरेल. यातला पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ‘सगळ्यांसमोर मला शिव्या देतो म्हणजे काय’ हा विचार मनात घोळत असेल, तर तो आवाजात आणि चालण्यात उतरतोच, आणि मुलाला तो शब्दांआधी कळतो. म्हणून पाऊल टाकण्याआधी एक श्वास सावकाश सोडावा.

पुढे जावे ते सावकाश. साधारण दोन हातांचे अंतर ठेवून, अगदी समोर न राहता किंचित तिरके उभे राहावे. दाराची वाट अडवू नये. किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकावा आणि हात मोकळे, दिसतील असे ठेवावेत. बोलायचे ते एकानेच, शक्यतो ज्याच्याशी मुलाचे बरे जमते त्याने. दुसऱ्या सहकाऱ्याने तेवढ्यात ‘चला रे, आपण व्हरांड्यात बसू’ असे म्हणून बाकीच्या मुलांना बाहेर न्यावे. वीस जण टक लावून पाहत असताना कोणताही किशोरवयीन मुलगा माघार घेत नाही.

बोलणे थोडके असावे. ‘शांत हो’ म्हटल्याने कोणी शांत होत नाही. त्याऐवजी ‘आज आईची वाट पाहिलीस आणि ती आली नाही, फार लागले ना रे तुला’ एवढे म्हणून थांबावे. ही शांतता आपल्यालाच जड जाते. ती भरून काढण्याची घाई करू नये. शिव्या त्या घटकेपुरत्या कानाआड कराव्यात. ‘समितीपुढे उभा करतो’, ‘तुला दुसऱ्या संस्थेत पाठवतो’ अशी धमकी देऊ नये, आणि ‘उद्या आईला नक्की बोलावतो’ असे खोटे आश्वासनही देऊ नये, कारण ते मोडले की पुढच्या वेळी आपला शब्द चालत नाही. आईबापांवरून, जातीवरून किंवा पूर्वीच्या गुन्ह्यावरून निघालेला एक शब्दही अक्षम्य आहे. आवाज जरा खाली आला की छोटी निवड पुढे ठेवावी: ‘इथेच बसतोस की बाहेर पायरीवर बसू या? मी सोबत आहे.’

सहसा स्पर्श टाळावा. ज्याने घरात मार किंवा अत्याचार सोसला आहे, त्याला खांद्यावरचा मायेचा हातही हल्ल्यासारखा वाटू शकतो. कोणाच्या जिवाला किंवा शरीराला तत्काळ धोका असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तरच धरावे. तेही प्रशिक्षण घेतलेल्यांनी, धोका टळेपर्यंतच. पालथे पाडून धरणे, पाठीवर, छातीवर किंवा मानेवर भार देणे यांमुळे श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. ‘श्वास घेता येत नाही’ असे मूल म्हणाले, तर ते नाटक समजू नये, तत्क्षणी सोडावे. खोलीत कोंडणे किंवा जेवण बंद करणे ही शिक्षाच होय. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 82 नुसार संस्थेतील मुलाला शिस्तीसाठी शारीरिक शिक्षा करणाऱ्याला पहिल्या दोषसिद्धीला दहा हजार रुपये दंड आहे. शिवाय तो कर्मचारी बडतर्फीस पात्र ठरतो आणि पुढे मुलांसोबत थेट काम करण्यास त्याला मनाई होते. क्रौर्याबद्दलच्या कलम 75 मध्ये संस्थेच्या माणसाला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

मूल स्वतःला इजा करत असेल किंवा ‘मला जगायचे नाही’ म्हणत असेल, तर त्याला क्षणभरही एकटे सोडू नये. हातातली वस्तू हिसकावण्याची झटापट टाळून ‘ती खाली ठेव, मी इथेच बसलो आहे’ असे म्हणत राहावे. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे; विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत. जखम असेल तर लगेच रुग्णालय गाठावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, परंतु तो प्रत्यक्ष उपचारांची जागा घेत नाही.

संताप ओसरल्यावर मूल थकून जाते, कधी ओशाळते. त्याला पाणी द्यावे, जेवू घालावे, झोप येत असेल तर झोपू द्यावे. शिकवण्याची वेळ त्यानंतरची. काय घडले ते आधी त्याच्या तोंडून, मध्ये न तोडता ऐकावे. मग मनात काय होते आणि हातून काय झाले, यांची सांगड त्याला घालू द्यावी आणि पुन्हा असे वाटले तर तो काय करील, हे त्यालाच ठरवू द्यावे. भिंत पुसायची असेल तर ती दोघांनी मिळून पुसावी. त्यानंतर अबोला धरू नये, टोमणे मारू नयेत. मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने आई का आली नाही, याचा छडा लावलाच पाहिजे. दिवसाची मजुरी बुडणे आणि एसटीचे भाडे ही कारणे पुष्कळदा असतात, आणि ती मुलाला खरीखुरी सांगितली की ‘मी नकोसा झालो’ हा त्याने काढलेला अर्थ सैल होतो.

नोंदवहीत ‘मूल उर्मट आहे’ असे लिहू नये. ‘दुपारी तीनपासून भेटीच्या खोलीबाहेर बसून होता, चहा घेतला नाही, सात वाजता ताट फेकले, पायरीवर नेल्यावर बोलू लागला’ असे घडले तसे लिहावे, आणि पुढच्या भेटीच्या दिवशी दुपारी त्याच्यासोबत कोण असेल, त्या कर्मचाऱ्याचे नाव त्याच नोंदीखाली घालावे.