कॅलरीमीटरचा प्रयोग करताय? गरम गोळा पाण्यात टाकायच्या आधी एवढं बघून ठेवा

मिश्रण पद्धतीने धातूची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम धातू एक डिग्री तापवायला लागणारी उष्णता) काढायचा प्रयोग दिसायला एकदम सोप्पा, कॅलरीमीटरमधल्या, म्हणजे कापूस किंवा नमदा भरलेल्या खोक्यात बसवलेल्या धातूच्या भांड्यातल्या थंड पाण्यात गरम गोळा सोडायचा, तापमान वाचायचं, गोळ्याने दिलेली उष्णता बरोबर पाणी आणि भांड्याने घेतलेली उष्णता असं मांडायचं आणि झालं. पण उत्तर भलतंच येतं तेव्हा घोळ बहुतेक वेळा गोळा पाण्यात पडायच्या आधीच झालेला असतो.

म्हणून सगळ्यात पहिलं काम म्हणजे कागद घ्या आणि तापमान साधारण किती चढेल ते काढून ठेवा. समजा तांब्याचा १०० ग्रॅमचा गोळा ९९ डिग्रीला आहे, पाणी १०० ग्रॅम २७ डिग्रीला, आणि भांडं तांब्याचंच ६० ग्रॅमचं. तांब्याला ग्रॅममागे एक डिग्री चढायला साधारण ०.०९३ कॅलरी लागते, पाण्याला १, त्यामुळे मिश्रण जेमतेम ३३ डिग्रीच्या आसपास थांबतं. म्हणजे सगळा खेळ सहा डिग्रीचा! आता थर्मामीटर अर्ध्या डिग्रीचा असेल आणि वाचताना एक घर इकडचं तिकडं झालं तर तिथेच आठ-नऊ टक्के गेले. त्यामुळे ०.१ डिग्रीचा थर्मामीटर मिळत असेल तर तोच घ्या, नाहीतर गोळा जड घ्या, २०० ग्रॅमचा घेतला तर चढ जवळजवळ अकरा डिग्री होतो. पाणी कमी करूनही चढ वाढतो पण गोळा पूर्ण बुडायला हवा, वर डोकावत राहिला तर काही उपयोग नाही.

वजनं क्रमाने करा. कोरडा गोळा, मग रिकामं भांडं ढवळणीसकट, मग पाणी घालून. ढवळणी विसरू नका, तीही तापते. भांडं बाहेरून घासून चकचकीत केलेलं असावं म्हणजे उष्णता कमी बाहेर पडते, आणि खोक्यातला कापूस किंवा नमदा कोरडा आहे ना ते हात लावून बघा, ओला असेल तर ती सगळी तयारी नुसती शोभेची.

गोळा तापवायचा तर थेट ज्योतीवर नको, उकळत्या पाण्यात किंवा वाफेत दहा-पंधरा मिनिटं राहू द्या आणि तापमान तिथेच मोजा, १०० डिग्री गृहीत धरू नका कारण उंचावरच्या ठिकाणी पाणी आधीच उकळतं. उकळत्या पाण्यात तापवलात तर इथे खरी मेख आहे. गोळ्याला चिकटून फक्त १ ग्रॅम गरम पाणी आत आलं तरी ते ६६ कॅलरी सोबत आणतं, आणि अख्खा १०० ग्रॅमचा गोळा देतो सुमारे ६१४, म्हणजे एका ग्रॅमने दहा टक्क्यांच्या वर चूक! झटका, पटकन टिपा आणि लगेच सोडा. जमत असेल तर कोरड्या नळीत ठेवून वाफेनेच तापवा, ही कटकटच मिटते. दोरा आधीच बांधून ठेवा, कॅलरीमीटर जवळ आणून ठेवा, पण शेगडीची धग लागेल इतका जवळ नको, मध्ये आडोसा ठेवा.

सुरुवातीचं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा थोडं थंड घ्या, सहा डिग्री चढणार असेल तर साधारण तीन डिग्री खाली, म्हणजे आधी बाहेरून आत येणारी उष्णता आणि नंतर बाहेर जाणारी यांची बऱ्यापैकी वजाबाकी होते. पण इतकंही थंड नको की भांड्याला बाहेरून दव धरेल. घड्याळ गोळा टाकायच्या आधीच सुरू करा, दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा, ढवळत राहा, थर्मामीटरचा फुगा गोळ्याला टेकू देऊ नका. सर्वात वरचा आकडा आला की थांबू नका, पुढची काही मिनिटं पण लिहा, थंड होण्याची दुरुस्ती, म्हणजे दरम्यान बाहेर गेलेल्या उष्णतेमुळे कमी पडलेला चढ भरून काढणं, त्यावरूनच करायची असते.

बर्फाची अप्रकट उष्णता (तापमान न बदलता नुसतं वितळायला लागणारी उष्णता) काढणार असाल तर उलटं, पाणी खोलीपेक्षा गरम घ्या. बर्फ फ्रीझरमधून काढून लगेच टाकू नका, तो शून्याच्या बराच खाली असतो, वितळायला लागू द्या आणि मग टिपकागदाने कोरडा करून टाका. ग्रॅमभर बर्फ वितळायला ८० कॅलरी घेतो, आधीच वितळलेलं पाणी त्यातलं काहीच घेत नाही पण वजनात मात्र बर्फ म्हणून मोजलं जातं. बर्फाचं वजन आधी करत बसायचं नाही, शेवटी सगळं एकत्र तोलून आधीचं वजन वजा करायचं.